मधुमेहींच्या आहारसल्ल्यांची छाननी: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून काम सुरू झाले. मधुमेहासह जगणाऱ्या लोकांच्या आमच्या साहाय्य गटात जवळजवळ प्रत्येक बैठकीत एक तक्रार हमखास निघते: एका तपासणीत जे खायला सांगितले, तेच पुढच्या तपासणीत दुसऱ्या कुणीतरी बंद करायला लावले. सदस्यांना आजवर मिळालेले लेखी आणि तोंडी सल्ले एका तक्त्यात आणायचे, एकमेकांना छेद देणाऱ्या सल्ल्यांच्या जोड्या लावायच्या आणि त्यांतला प्रत्येक विरोध खरा आहे की केवळ दिसण्यापुरता, हे तपासायचे, असे ठरले आहे. काम करणारे आम्ही तिघे: एक आहारतज्ज्ञ, टाइप १ मधुमेहासह (ज्यात शरीर इन्सुलिन बनवत नाही) अनेक वर्षे काढलेले एक निवृत्त शिक्षक आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी असलेला मी.

तक्त्याला सध्या तीन रकाने आहेत: सल्ला, त्याच्या उलट सल्ला आणि तो कोणी दिला. पहिल्याच दिवशी भरलेल्या जोड्यांपैकी काही अशा: फळे भरपूर खावीत आणि फळे बंद करावीत; दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे आणि दोनच वेळा जेवावे; कर्बोदके निम्म्याहून अधिक असावीत आणि कर्बोदके जेमतेम असावीत; कृत्रिम गोडी वापरावी आणि तिला हात लावू नये.

९ जानेवारी

तिसरा रकाना निरुपयोगी ठरला. सल्ला देणाऱ्याच्या अधिकारावरून वाद मिटेल, म्हणजे डॉक्टरांचे म्हणणे शेजाऱ्यांच्या म्हणण्यापेक्षा वरचढ मानले की काम झाले, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक जोड्यांच्या दोन्ही बाजूंना डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच आहेत, आणि एका जोडीत तर दोन्ही सल्ले एकाच डॉक्टरांचे, फक्त आठ वर्षांच्या अंतराने दिलेले आहेत. रकाना खोडला नाही, पण त्यावर आता भिस्त नाही.

१५ जानेवारी

आठ वर्षांच्या अंतराची ती जोडी डोक्यातून जाईना, म्हणून चार दिवस इतिहास वाचण्यात घालवले. त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

मधुमेहाचा आहार हा दोनशे वर्षांहून अधिक काळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झुलत आला आहे. जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी शल्यचिकित्सकाने १७९७ मध्ये कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात मांस आणि चरबी यांवर भर देऊन वनस्पतिजन्य अन्न जवळजवळ बंद केले होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पिओरी यांनी नेमके उलटे मत मांडले, की लघवीवाटे जी साखर जाते ती भरून काढण्यासाठी रुग्णाने साखर भरपूर खावी. त्याच देशात बूशार्दा यांना १८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यात असे आढळले की अन्नटंचाईमुळे त्यांच्या रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉन नूर्डेन यांचा ओटचा उपचार गाजला. त्यानंतर अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत आली, आणि तिच्यावर क्रूर म्हणून बोट ठेवताना हेही लक्षात ठेवले पाहिजे की इन्सुलिन हाती नसलेल्या काळात लहान मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी वा वर्षांनी लांबवणारा दुसरा मार्ग नव्हता. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते फारसे लागू पडले नाही, मात्र २३ जानेवारीपासून दिलेल्या अधिक शुद्ध अर्काने त्याची साखर खाली आली. त्या दिवसानंतर ‘किती कमी खाल्ले तर जगता येईल’ या प्रश्नाची जागा ‘काय खाल्ले तर औषधाशी मेळ बसेल’ या प्रश्नाने घेतली.

पुढचे झुलणे आकड्यांतच दिसते. इन्सुलिनच्या आरंभीच्या काळात एकूण उष्मांकांपैकी सुमारे २० टक्के कर्बोदकांतून आणि ७० टक्के स्निग्ध पदार्थांतून घ्यावेत असे सांगितले जाई. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने कर्बोदकांचे हे प्रमाण १९५० मध्ये ४० टक्क्यांवर, १९७१ मध्ये ४५ टक्क्यांवर आणि १९८६ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत नेले. १९९४ मध्ये मात्र सर्वांसाठी एकच आकडा सांगणेच तिने सोडून दिले आणि प्रमाण व्यक्तीनुसार ठरवावे असे म्हटले. मधल्या काळातली ही वाढ लहरीखातर झालेली नव्हती. मधुमेही माणसे हृदयविकाराने मरतात हे दिसू लागले, स्निग्ध पदार्थ कमी करायचे ठरले, आणि जे कमी केले त्याची जागा कशाने तरी भरावी लागतेच.

याचा अर्थ असा की आमच्या तक्त्यातील काही जोड्या हा दोन तज्ज्ञांमधला वाद नसून दोन दशकांमधला आहे. माहितीपत्रक छापणारी संस्था आपले मत बदलते, पण कुणाच्या तरी कपाटातल्या फायलीत राहिलेले जुने पत्रक बदलत नाही. ते घरातल्या पुढच्या मधुमेही माणसाच्या हाती पडते आणि त्याला ते आजचेच वाटते. चौथा रकाना जोडला: सल्ला कोणत्या काळातला.

२१ जानेवारी

‘सहा वेळा की दोन वेळा’ ही जोडी आज हाती घेतली, आणि काळाचा रकाना इथे अपुरा पडला.

थोडे थोडे, वारंवार खाण्याचा सल्ला औषधांमुळे रुजला. जुन्या पद्धतीचे मध्यम मुदतीचे इन्सुलिन टोचल्यानंतर काही तासांनी त्याचा परिणाम कमाल होतो आणि त्या वेळी पोटात अन्न नसेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, त्यांतही ग्लिबेनक्लेमाइडसारख्या दीर्घकाळ काम करणाऱ्या, जेवण झाले की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. अशा माणसाने दोन जेवणांच्या मध्ये काही खाणे ही सुरक्षिततेची बाब होती. याउलट जो केवळ मेटफॉर्मिनची गोळी (जी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत नाही) घेतो त्याची साखर उपाशी राहिल्याने एकाएकी खाली जाण्याचा संभव फार कमी, आणि त्याला सहा वेळा खायला सांगितले की बहुधा तो सहा वेळा पोटभर खातो.

चेक प्रजासत्ताकात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या (ज्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) ५४ लोकांनी १२ आठवडे दिवसाचे अन्न सहा भागांत आणि १२ आठवडे तेवढ्याच उष्मांकांचे अन्न न्याहारी व दुपारचे जेवण अशा दोनच भागांत खाल्ले. दोन जेवणांच्या काळात वजन आणि यकृतातील चरबी अधिक कमी झाली. हे लोक गोळ्या घेणारे होते, इन्सुलिन घेणारे नव्हते. हा तपशील वगळून निष्कर्ष तेवढा सांगितला तर तो इन्सुलिनवर असलेल्या माणसाला अपाय करू शकतो.

पाचवा रकाना: सध्या चालू असलेली औषधे. तो भरायला घेतल्यावर अनेक जोड्या आपोआप सुटू लागल्या. ‘उपास करा’ आणि ‘उपास करू नका’ हे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ती जागा सल्ल्यासोबत लिहिलेली नाही.

२४ जानेवारी

आज आमचीच चूक सापडली आणि ती लिहून ठेवणे भाग आहे. बैठकीत वाटण्यासाठी एक खिशात मावेल असे कार्ड तयार केले होते, त्यावरचे पहिले वाक्य मीच लिहिले होते: ‘साखर, गोड पेये आणि फळांचे रस कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत.’ वाक्य नेटके होते आणि त्याचा अभिमानही वाटला होता. शिक्षकांनी ते वाचले, चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, की हे कार्ड खिशात असताना माझी शुगर लो झाली, तर मदतीला येणाऱ्याने काय करायचे?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की ताबडतोब सुमारे १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर घ्यावी, १५ मिनिटे थांबून पुन्हा मोजावे आणि अजून कमी असेल तर तेच पुन्हा करावे, हा सर्वत्र मान्य नियम आहे. त्या घडीला ग्लुकोजच्या गोळ्या, साखरपाणी किंवा फळांचा रस हे औषध असते. चॉकलेट तिथे चालत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखरेचे शोषण मंदावते. माणूस गिळू शकत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, तिथे तातडीची वैद्यकीय मदतच हवी.

आहारतज्ज्ञांनी यात आणखी एक भर घातली, जी मला माहीत नव्हती. अकार्बोज हे औषध आतड्यात साखरेचे विघटन रोखते. ते इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरियासोबत चालू असताना साखर घसरली, तर नेहमीची साखर नीट उपयोगी पडत नाही आणि शुद्ध ग्लुकोजच द्यावे लागते. म्हणजे ‘साखर घ्या’ हा जीव वाचवणारा सल्लासुद्धा कोणते औषध चालू आहे हे विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

कार्ड रद्द केले. छापायला गेले नव्हते एवढेच समाधान.

३ फेब्रुवारी

फळांवरची जोडी सोपी असेल असे वाटले होते, तिने दहा दिवस खाल्ले.

गोंधळाचे मूळ ग्लायसेमिक इंडेक्समध्ये आहे. टोरांटोतील डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही मोजपट्टी मांडली. एखाद्या पदार्थातून ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके मिळतील एवढा तो खायला द्यायचा, दोन तास रक्तातील साखर मोजत राहायची आणि ती वाढ ग्लुकोजच्या वाढीशी ताडून पाहायची. यात कलिंगडाचा आकडा चांगला वरचा येतो, म्हणून कित्येक पत्रकांत कलिंगड वर्ज्य पदार्थांच्या यादीत जाऊन बसले. पण १०० ग्रॅम कलिंगडात कर्बोदके जेमतेम सात-आठ ग्रॅम असतात. प्रयोगातली ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जायची तर अर्ध्या किलोहून बरेच जास्त कलिंगड एका बैठकीत संपवावे लागेल. दोन फोडी खाणाऱ्याला तो आकडा लागू नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९० च्या दशकात ग्लायसेमिक लोड ही कल्पना आली. तिच्यात इंडेक्सला प्रत्यक्ष खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागतात, आणि त्या हिशेबात कलिंगडाची एक वाटी निरुपद्रवी ठरते. दोन पत्रकांपैकी एकाने पहिली मोजपट्टी वापरली, दुसऱ्याने दुसरी. पत्रकावर मात्र कोणती वापरली हे लिहिलेले नाही.

अख्खे फळ आणि फळाचा रस यांना एकाच ओळीत बसवणे ही याहून मोठी चूक आहे. रसात तंतू गाळले जातात, चावण्याचा वेळ उरत नाही आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात उतरते. सदस्यांच्या कागदांपैकी निम्म्या कागदांवर ‘फळे-रस’ असे जोडनाव आहे. ‘फळे बंद’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा रस असतो आणि ‘फळे खा’ म्हणणाऱ्याच्या मनात फळ.

दरम्यान दोन सदस्यांनी परस्पर एक छोटा प्रयोग करून पाहिला. दोघांनी तीन दिवस एकाच मापाची, एकाच पदार्थांची न्याहारी केली आणि ग्लुकोमीटरवर आधी व दोन तासांनी मोजणी केली. एकाची साखर फारशी हलली नाही, दुसऱ्याची चांगलीच वर गेली, आणि दोघेही एकमेकांवर यंत्र खराब असल्याचा आरोप करत बैठकीला आले. दोन माणसांच्या मोजणीवरून काही सिद्ध होत नाही हे उघड आहे, तरी इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ८०० लोकांच्या साखरेची सलग मोजणी केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते: तेच अन्न खाऊन वेगवेगळ्या माणसांत साखरेची वाढ फार वेगवेगळी होते. त्यातल्या सहभागींना मधुमेह नव्हता, त्यामुळे ते आकडे आमच्या सदस्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

एकाच माणसातही खाण्याचा क्रम फरक पाडतो. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका लहानशा चाचणीत, मेटफॉर्मिन घेणाऱ्या टाइप २ च्या ११ लोकांनी तेच जेवण भाज्या व प्रथिने आधी आणि कर्बोदके शेवटी या क्रमाने घेतले, तेव्हा एक तासानंतरची साखर उलट क्रमाच्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक कमी होती. ११ माणसे म्हणजे फार नव्हेत. पण हा सल्ला पाळायला फुकट आहे, त्याने काही बिघडत नाही आणि घरच्या घरी मीटरवर तपासून पाहता येतो. असे सल्ले तक्त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले.

११ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार. कर्बोदके किती, या एका प्रश्नावर तक्त्यातील सर्वाधिक जोड्या आहेत आणि सर्वाधिक कडवटपणाही इथेच आहे. बैठकीत दोन सदस्यांनी या विषयावरून एकमेकांशी बोलणे टाकले होते.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागली. ‘कमी कर्बोदके’ म्हणजे किती? २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या, २३ चाचण्यांतील १,३५७ लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या परीक्षणाने त्याची मर्यादा दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा २,००० उष्मांकांच्या आहारात २६ टक्क्यांपेक्षा कमी, अशी धरली. आता याच्या शेजारी ब्रिटनमधील डायरेक्ट नावाची चाचणी ठेवून पाहावी. तिच्यात टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या २९८ लोकांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ उष्मांकांचा तयार पेयस्वरूप आहार दिला गेला. एका वर्षानंतर त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) औषधांशिवाय ६.५ टक्क्यांच्या खाली होती, दोन वर्षांनंतर ३६ टक्के लोकांची. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि ३ टक्के होते.

त्या पेयात उष्मांकांपैकी सुमारे ५९ टक्के कर्बोदकांतून येत. टक्केवारीने पाहिले तर हा भरपूर कर्बोदकांचा आहार झाला, आणि एक बाजू त्याचा दाखला तसाच देते. ग्रॅममध्ये हिशेब केला तर ८४० उष्मांकांच्या ५९ टक्के म्हणजे साधारण १२४ ग्रॅम, अर्थात १३० च्या आत, आणि दुसरी बाजू त्याच चाचणीवर आपला हक्क सांगते. आहारतज्ज्ञांनी हा गुणाकार फळ्यावर करून दाखवला तेव्हा अबोला धरलेले दोघेही फळ्याकडेच पाहत होते. चाचणी करणाऱ्यांचे स्वतःचे म्हणणे यातले एकही नाही. त्यांच्या मते निर्णायक गोष्ट वजन घटणे ही होती, आणि १५ किलो वा अधिक वजन घटवलेल्यांपैकी ८६ टक्के लोक पहिल्या वर्षाअखेर औषधमुक्त अवस्थेत होते.

याला बरे होणे म्हणावे का, यावर अर्धा तास गेला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने या अवस्थेसाठी जी व्याख्या ठरवली, ती औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असणे अशी आहे, आणि पुढेही नियमित तपासणी चालू ठेवावी असे तिच्यासोबत सांगितले आहे. आम्ही ‘मधुमेह गेला’ हा शब्दप्रयोग तक्त्यातून काढून ‘सध्या औषधाविना आटोक्यात’ असे लिहिले. शिक्षकांनी इथे आठवण करून दिली की हे सारे टाइप २ चे आहे. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवतच नाही, तिथे कोणत्याही आहाराने इन्सुलिन थांबवता येत नाही, आणि तसा सल्ला त्यांना स्वतःला आजवर तीनदा मिळाला आहे.

पुन्हा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या त्या परीक्षणाकडे. कमी कर्बोदकांच्या आहारावर सहा महिन्यांनी ५७ टक्के लोकांची एचबीए१सी ६.५ च्या खाली आली, तुलनेतल्या आहारांवर ३१ टक्के लोकांची. बारा महिन्यांनी हा फायदा ओसरत गेला. समर्थक सहा महिन्यांचा आकडा सांगतात आणि विरोधक बारा महिन्यांचा, आणि दोघेही खरेच बोलत असतात. सहावा रकाना त्यामुळे मुदतीचा झाला.

सातवा रकाना आहारतज्ज्ञांनी सुचवला, आणि माझ्या मते सगळ्या तक्त्यात तोच सर्वांत मोलाचा आहे: कशाऐवजी. कर्बोदके कमी केली म्हणजे ताटातून काहीतरी उचलले, त्या जागी काय ठेवले? कडधान्ये काढून लोणी ठेवणे आणि गोड पेये काढून भाज्या व सुकामेवा ठेवणे या दोन्हींना कागदावर ‘कमी कर्बोदके’ असेच म्हणतात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या एकमत-अहवालात एका बाजूला असे म्हटले आहे की सर्व मधुमेहींसाठी कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांचे एकच आदर्श प्रमाण नाही, आणि दुसऱ्या बाजूला असेही म्हटले आहे की साखर आटोक्यात आणण्यासाठी एकूण कर्बोदके घटवण्याच्या बाजूने पुरावा सर्वाधिक आहे. सगळ्या आहारपद्धतींत समान असलेल्या गोष्टी तिथे तीनच सांगितल्या आहेत: पिष्ट नसलेल्या भाज्यांवर भर, वरून घातलेली साखर व शुद्ध केलेली धान्ये कमीत कमी, आणि अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांऐवजी मूळ स्वरूपातले अन्न. या तीन गोष्टींना विरोध करणारा एकही सल्ला आमच्या तक्त्यात नाही, हे आज प्रथमच लक्षात आले. भांडण्यासारखे त्यांत काही नसल्याने बहुधा त्यांची कुणी चर्चाही करत नाही.

त्याच अहवालात कर्बोदके फार घटवण्याबाबत काही इशारे आहेत: गर्भवती व स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि खाण्यासंबंधीचे मानसिक विकार असलेले लोक यांना हा मार्ग सुचवू नये, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण त्यांच्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून अवस्था गंभीर होऊ शकते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असताना एकाएकी कर्बोदके निम्मी केली आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर २४ जानेवारीच्या नोंदीतला साखर घसरण्याचा प्रसंग ठरलेलाच. बोलणे टाकलेल्या दोघांपैकी एक जण केवळ मेटफॉर्मिनवर आहे आणि दुसऱ्या सदस्या दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात.

१४ फेब्रुवारी

किरकोळ जोड्या एका दिवसात उरकल्या. मध साखरेपेक्षा चांगला, हा सल्ला तक्त्यात अनेकदा आला. १०० ग्रॅम मधात ८० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, तेव्हा चमच्याच्या हिशेबात मधुमेहीला त्यातून काही लाभ नाही. दालचिनीने साखर उतरते या सल्ल्यावर वेळ घालवला नाही.

कृत्रिम गोडीची जोडी मात्र बोधप्रद निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोड द्रव्ये वापरू नयेत अशी शिफारस केली, आणि तिचे कात्रण चार सदस्यांनी आणले होते. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्या लोकांना लागू नाही, असे त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलेले आहे. ते वाक्य चारपैकी एकाही कात्रणात नव्हते.

२० फेब्रुवारी

एका सदस्यांच्या फायलीवर सबंध दिवस गेला. त्यांना टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार असे तिन्ही आहेत, आणि तीन ठिकाणांहून मिळालेले तीन आहारतक्ते त्यांनी एकाच चुंबकाखाली फ्रिजवर लावले आहेत. मधुमेहाचा तक्ता सांगतो, कर्बोदके कमी करून प्रथिने वाढवा, कडधान्ये, भाज्या व फळे घ्या. मूत्रपिंडाचा तक्ता सांगतो, प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवा आणि रक्तातील पोटॅशियम वाढलेले असल्याने बटाटे, केळी व काही डाळी आवरा. रक्तदाबाच्या तक्त्यात मीठ कमी करून फळे-भाज्यांतून पोटॅशियम वाढवा असे छापलेले आहे. तिन्ही तक्ते आपापल्या विकारापुरते शास्त्रशुद्ध आहेत. तिन्ही एकत्र पाळले तर ताटात ठेवण्यासारखे थोडेच उरते. त्या म्हणाल्या, की तिन्ही तक्त्यांत ज्याला हरकत नाही असे एक पाणी सापडले होते, तर आता पायाला सूज आली म्हणून तेही मोजून प्यायला सांगितले आहे.

हा विरोध रकाने वाढवून सुटणारा नव्हता. इथे प्राधान्य ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा अधिकार आमच्या गटाला नाही. आम्ही एवढेच केले की तिन्ही तक्त्यांतील परस्परविरोधी ओळी एका पानावर समोरासमोर लिहिल्या, चालू औषधांची यादी आणि पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) व एचबीए१सी यांचे शेवटचे अहवाल सोबत जोडले आणि ते पान घेऊन त्यांनी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जावे असे सुचवले. डॉक्टरांनी ते पान वीस मिनिटे वाचले, उरलेल्या दोन ठिकाणी दूरध्वनी केला आणि एकच तक्ता लिहून दिला, असे त्यांनी आज सायंकाळी कळवले. जुने तिन्ही त्यांनी फ्रिजवरून काढले आहेत.

२७ फेब्रुवारी

कार्डाऐवजी आता एक पानी फॉर्म तयार केला आहे. कोणताही नवा आहारसल्ला मिळाला की तो वरच्या ओळीत लिहायचा आणि खाली सल्ला देणाऱ्यालाच विचारून भरायचे: हा कोणत्या प्रकारच्या मधुमेहासाठी आहे, माझ्या आजच्या औषधांसोबत चालेल का, की मात्रा बदलावी लागेल, यातून कोणता आकडा सुधारायचा आहे, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, एचबीए१सी, वजन की कोलेस्टेरॉल, किती दिवसांनी तो आकडा पुन्हा पाहायचा, आणि जे बंद करायचे त्याऐवजी काय खायचे. प्रायोगिक वाटपात एका सदस्यांनी तक्रार केली, की डॉक्टरांपुढे असा फॉर्म काढणे उलटतपासणी घेतल्यासारखे वाटते. तक्रार रास्त वाटली. शीर्षक ‘सल्ल्याची पडताळणी’ होते, ते ‘मला समजलेला सल्ला’ असे केले.

तक्ता बंद करताना दोन जोड्या न सुटलेल्या राहिल्या आहेत आणि त्या तशाच ठेवल्या आहेत. कर्बोदके घटवून साखर आटोक्यात आली पण त्याच वेळी एलडीएल (हृदयविकाराचा धोका वाढवणारे) कोलेस्टेरॉल वाढले, तर एकूण नफा की तोटा, यावर एकत्र बसलेले दोन जाणकारही वेगवेगळे उत्तर देतात, आणि दोन्ही उत्तरांमागे खरा पुरावा आहे. दुसरी जोडी ताटातील संपृक्त स्निग्धांशाच्या मर्यादेची आहे. या दोन्ही ओळींपुढे दोन्ही मते पूर्ण लिहिली आहेत. अबोला धरलेल्या दोघांपैकी मेटफॉर्मिनवर असलेल्या सदस्यांनी आपला आहार न बदलण्याचे ठरवले आहे. एलडीएलची पुढची तपासणी त्यांनी २६ मे रोजी करायची ठरवली असून, तो आकडा या नोंदवहीत लिहिला जाईल.